जांभळ्या बांधीतला हिरवा धान

१

पोळा तोंडावर आला असताना सुलोचनाबाईंच्या बांधीतला, म्हणजे बांध घातलेल्या खाचरातला, उभा धान चोरीला गेला. कापून नाही नेला, मुळासकट उपटून नेला. तोही सगळा नाही. बांधीभर लावलेल्या जांभळ्या पानांच्या धानाला चोराने बोटसुद्धा लावलं नव्हतं. मधोमध एक हिरवा पट्टा होता, तेवढाच गेला आणि त्या जागी नुसतं गढूळ पाणी उरलं.

तो पट्टा म्हणजे सुलोचनाबाईंच्या यजमानांनी, वासुदेवरावांनी, जन्मभर सांभाळलेल्या धानाचं शेवटचं बी होतं.

हे सगळं आम्हाला भंडाऱ्यात, आमच्याच ओसरीवर कळलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको मेघा. मी धनंजय, माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे. मेघा वकील आहे. म्हणजे भांडी मी विकतो आणि भांडणं ती मिटवते, आणि दोन्ही धंदे देवाच्या दयेने बरे चालतात. रविवारी सकाळी मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो, तोच एक मुलगी वकीलबाईंचं घर विचारत दारात येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजलेले, पायात शेताचा वाळलेला चिखल.

तिचं नाव खुशबू. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि जुन्या धानांचा अभ्यास करत लाखांदूरच्या बाजूची गावं फिरत होती. त्यातल्या एका गावात तिला सुलोचनाबाई भेटल्या. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, तिथे माझी गिऱ्हाइकं आहेत.

"त्या धानाले दुधसाळ म्हणतात," खुशबू सांगू लागली. "वासाचा धान आहे. बाकी साऱ्यायनं सोडून देल्ला, वासुदेव आजोबायनं एकट्यानं ठेवला. माघात ते गेले. मडक्यात ओंजळभरच बी उरलं होतं. यंदा आजीनं अन् मी मिळून ते लावलं. कोठी लावलं, हे फक्त आम्हा दोघीले मालूम होतं."

"आणि आता ते नाही," मेघा म्हणाली.

"आता ते नाही. अन् मालूम तं दोघीलेच होतं." तिने ओढणीने नाक पुसलं. "धर्मेंद्रदादा, त्यायचा पोरगा, म्हणते का उद्या ठाण्यात जातो. माह्या नावानं रपट देतो. कॉलेजात कळलं तं माहा प्रोजेक्ट गेला, वर्ष गेलं, नाव गेलं. कोन्या गावात मंग मले कोन बी दाखवंन?"

"आजी काय म्हणाल्या?"

"काहीच नाही म्हणाल्या." आणि ती पुन्हा रडायला लागली. धर्मेंद्रच्या शिव्यांपेक्षा आजीचं ते गप्प राहणं तिला जास्त लागलं होतं.

मेघाने तिच्यापुढे माझीच पोह्यांची ताटली सरकवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडी काढा."

"कुठे? चोर धरायला?"

"चोरी झाली हे कोनं ठरवलं, ते आधी पाहू," ती म्हणाली.

२

कारध्याचा पूल ओलांडला तेव्हा वैनगंगा दोन्ही काठ भरून वाहत होती. पुढे रस्ताभर दोन्ही बाजूंना धानच धान, हिरवागार. म्हणून सुलोचनाबाईंच्या शेतावर पोचल्यावर मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच थबकलो. अख्खी बांधी वांग्याच्या रंगाची.

"हा कोन्या जातीचा रोग म्हणायचा?" मी विचारलं.

धर्मेंद्र हसला नाही. तिशीचा, तापट, पण डोळ्यांखाली झोप नसल्याच्या खुणा. वडिलांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. "रोग नाही भाऊ. आमच्या या बांधीत करगा लय माजते. करगा म्हणजे रानटी धान. पानं बेट्याची हुबेहूब धानासारखी. निसवल्याबिगर, लोंबी भायेर पडल्याबिगर वळखू येत नाही, अन् दाणा भरला का झडून जाते. धानाचा सत्यानास. म्हणून यंदा जांभळ्या पानाचा धान लावला. म्हणजे तण निंदणाऱ्या बायायले सोपं जाते."

"निंदण झाली?" मेघाने विचारलं.

"कोठची? बाया पोळ्यानंतर येतीन म्हणाल्या. साऱ्या गावात त्यायचीच ओढाताण आहे."

पट्टा होता ती जागा त्याने दाखवली. बांधीचा तो सगळ्यात खोलगट भाग. बोडीचं पाणी तिथूनच आत येतं आणि तिथेच साचतं. बोडी म्हणजे शेतापुरतं पाणी धरणारा लहानसा तलाव, तो वरच्या अंगाला होता.

"इथेच काहून लावलं?"

"आईची अक्कल. मलेबी चोरी झाल्यावरच सांगितलं. म्हणे दुधसाळीले पायात पानी लागते. अन् बियाण्याच्या दुकानदाराचा डोळा होता त्याच्यावर. मंधात लावलं का रस्त्यानं जानाऱ्याले दिसत नाही." त्याने खुशबूकडे पाहिलं. "दिसनाऱ्याले दिसलंच."

खुशबू खाली बघत राहिली. मेघा मात्र धुऱ्यावरून चालत बांधीला पूर्ण फेरी मारून आली. साडी चिखलाने माखली. येऊन मला म्हणाली, "तुम्हाले काय दिसते?"

"जांभळं."

"आणखी?"

"आणखी जांभळं. मेघा, मी पितळवाला माणूस. नजर जाईल तिथवर जांभळ्याशिवाय एक काडी नाही."

"हो ना," ती म्हणाली आणि साडीचा चिखल झटकू लागली. बायकोने माझं म्हणणं लगेच मानलं की मला काळजी वाटते, पण तिथे सगळ्यांसमोर विचारायची सोय नव्हती.

३

मेघाची एक खोड आहे. कुठलीही केस आली की ती आधी पक्षकाराला विचारते, तुम्ही ज्याच्यासाठी भांडता ते नेमकं आहे काय? ती म्हणते की कायद्याचं पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच व्याख्या असतात, आणि अर्धी भांडणं तिथेच असतात. त्या दिवशी तिने हाच एक प्रश्न सगळ्यांना विचारला. काय गेलं?

धर्मेंद्रने ताबडतोब उत्तर दिलं. "आमची मिळकत गेली. सरकारात नोंद झाली असती तं या वाणावर बाबाचं नाव लागलं असतं. दूध चोरलं, कोंबडी चोरली तं चोरी, अन् हे नाही?"

खुशबू म्हणाली, "वाण गेला, ताई. पुन्हा कोठीच भेटणार नाही असा. मले अभ्यासाले पाच-दहा पानंच लागत होती. ते आजीनं सोताच्या हातानं तोडून देल्ले."

सुलोचनाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, ताठ. मेघाने विचारलं तेव्हा आधी त्यांनी चहा गाळला, आम्हाला दिला, आणि मग म्हणाल्या, "वास गेला."

"वास?"

"दुधसाळीचं पान चुरलं तरी वास येते. दाण्याची वाट पाहा नाही लागत. हे बांधीतून आले का हाताले तोच वास राहे. संध्याकाळी मी म्हणो, हात धुवा. हे म्हणत, राहू दे." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "यंदा मी रोज एक पान चुरून पाहत होती. येवढंच."

मेघाने कप खाली ठेवला आणि त्यांचा हात धरला. मी उगाच छपराकडे पाहत बसलो.

लाखांदूरला बियाण्याच्या दुकानात कैलाश भेटला. गोल चेहरा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं तेलासारखं. सुलोचनाबाईंकडे दुधसाळीचं बी मागायला तो तीनदा येऊन गेला होता, आणि तिन्ही वेळा त्यांनी त्याला हाकललं होतं. मला वाटलं, हाच.

"मागतलं होतं ना बी," त्याने लगेच कबूल केलं. "खोटं काहून बोलू? वासाच्या धानाले लोकं तुटून पडतात. पन ताई, गेलं काय? पानं. मी बियाण्याचा धंदा करतो. मले दाणा पायजे, भरलेला, वाळलेला. हिरवी पानं नेऊन मी काय बकऱ्या पोसू? चोरीच कराची असती तं दिवाळीलोक थांबलो असतो. बुढीनं निंदलं असतं, पानी देल्लं असतं, अन् मी आयता नेला असता." मग आपण भलतंच बोललो हे त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे, नेला नसता."

परत येताना मी म्हणालो, "साखळीवाला सुटला. पण बोलला ते खरं. आमच्या धंद्यात असंच आहे बघ. एखादी बाई पाणी भरायचा जुना पितळी गुंड विकायला आणते. तिच्या हातात असतो तोवर तो सासूचा गुंड असतो, तिच्या लग्नातला, त्यावर नाव कोरलेलं. माझ्या तराजूत पडला की मोड. मी त्याच्या पोटावर ठोकून बघतो, गाळात किती जाईल ते. गुंड तोच असतो, पण त्या घटकेला मला गुंड दिसतच नाही."

मेघाने माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडी हळू केली.

"काय झालं?"

"काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा कामाचं बोलले तुम्ही," ती म्हणाली. "सुलोचनाबाईंच्या शेजारी कोन राहते?"

४

शेजारी वासुदेवरावांचा धाकटा भाऊ राहत होता, जागेश्वर. एकाच घराचे दोन भाग, मधे छातीएवढी मातीची भिंत. बोडीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं भाऊ भांडले आणि मग बोलणंच बंद झालं. धर्मेंद्रने आम्हाला आधीच सांगून टाकलं होतं, "काकाजवळ जाऊन काही फायदा नाही. तो मानूस आमच्या धुऱ्यावर पाय ठेवत नाही. बाबा गेले तवाबी दूर बाभळीखाली उभा होता." गावात कुणाला त्याचा संशय येत नव्हता तो याचमुळे.

जागेश्वर अंगणात बैलाची शिंगं रंगवत होता. उंच, हाडापेराचा माणूस, बोलायला जड. त्याची बायको केशरबाई काठी टेकत बाहेर आली आणि आमच्यासाठी खाट ओढू लागली, म्हणून मीच घाईने ती घेतली.

"बसा बसा. उन्हाळ्यात खुब्याचं हाड मोडलं माहं," केशरबाई सांगू लागल्या. त्यांना ऐकणारं माणूस हवंच होतं. "दोन महिने पलंगावर. यायले तं चूल पेटवता येत नाही. तं वहिनी रोज या भितीवरून डबा दे. वरण, भात, भाजी. आमची म्हैसबी त्याच दोहत. मी म्हनलं, वहिनी, भांडण असून काहून करता? तं म्हणे, माहं भांडण तुह्या नवऱ्यासोबत आहे, तुह्या हाडासोबत नाही."

आम्ही हसलो. जागेश्वर हसला नाही. त्याचा कुंचला शिंगावर एकाच जागी फिरत होता आणि रंगाचे ओघळ बैलाच्या कपाळावर उतरत होते.

"तुम्ही कधी बोलले वहिनींशी त्यावर?" मेघाने त्याला विचारलं.

"कोन्या तोंडानं बोलू?" तो म्हणाला. "भाऊ गेला तं खांदा नाही देल्ला म्या."

थोड्या वेळाने त्याने स्वतःच विषय काढला. "तुम्ही चोरीसाठी आल्या ना? वहिनीचा धान म्या नाही नेला. या बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगतो." आणि त्याने खरोखरच हात ठेवला. तो खोटं बोलत नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. दुकानात बसून बसून तेवढं कळतं.

"माझा विश्वास आहे," मेघा म्हणाली. "मला एवढंच सांगा. त्या खोलगट जागेतून गेलं काय?"

"काय जाईन? तिथी धान कोठी होता? आमी लहान होतो तवापासून त्या पानथळीत करगाच येते. दादा अन् मी शाळा बुडवून उपटत होतो. यंदा तं कमरेलोक माजला होता, हिरवागार."

"बरं," मेघा उठली. "या शिंगांना निळा रंग छान दिसतो. जरा वहिनींच्या ओट्यावर येता?"

कुंचला त्याच्या हातातून खाली पडला. त्या ओट्यावर तो किती वर्षांत चढला नव्हता.

५

ओट्यावर सगळे जमले. सुलोचनाबाई उंबऱ्यात, धर्मेंद्र खांबाला टेकून, खुशबू लांब कोपऱ्यात. जागेश्वर वर चढला नाही, पायरीखाली उभा राहिला. केशरबाई भिंतीपलीकडून डोकावत होत्या.

"सकाळपासून मी एकच विचारून राहिली, काय गेलं," मेघाने सुरुवात केली. "धर्मेंद्रसाठी मिळकत गेली. खुशबूसाठी वाण. कैलाशसाठी बियाणं. आता बघा, या तिघांपैकी कुणालाही ते हवं असतं तर त्याने आत्ता उपटलं असतं का? धानात दाणा नाही. उपटला की मेला. मिळकत बुडाली, वाण बुडाला, बियाणंही बुडालं. ज्याला धान हवा होता तो दिवाळीपर्यंत थांबला असता. कैलाश लबाड असेल, पण हे तो खरं बोलला."

"मंग कोनं नेला?" धर्मेंद्र म्हणाला.

"ज्याला तो नको होता त्याने."

मेघा पुढे म्हणाली, "धर्मेंद्र, तूच सांगितलंस की या बांधीत करगा माजतो, आणि निंदण अजून व्हायची आहे. मी पूर्ण फेरी मारली. आमच्या यांनाही दिसलं, जांभळ्याशिवाय बांधीत एक काडी नाही. मग सगळीकडचा करगा गेला कुठे? चोर धान चोरता चोरता तुझी अख्खी बांधी निंदून गेला?"

धर्मेंद्र खांब सोडून सरळ उभा राहिला. खुशबू कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आली.

"जांभळ्या बांधीत हिरवं म्हणजे करगा. हे तुम्हीच या साली ठरवलं. ज्याने उपटलं त्याने तुमचंच ठरवलेलं पाळलं. तुम्हा दोघींशिवाय कुणालाच मालूम नव्हतं की त्यातला एक पट्टा करगा नाही. ही चोरी नाही. निंदण आहे. कुणी तरी तुमची बांधी निंदून दिली, फुकट, आणि कुणाला कळू न देता."

"पन चोरून कोन कोनाची बांधी निंदते?" धर्मेंद्रने विचारलं.

"ज्याच्यावर कुणाचे उपकार आहेत, आणि समोर येऊन ते फेडायचं तोंड ज्याला नाही, तो." मेघा पायरीकडे वळली, पण आवाज चढवला नाही. "जागेश्वरभाऊ, तुम्ही या धुऱ्यावर पाय ठेवत नाही असं गाव म्हणते. मग यंदा तिथला करगा कमरेपर्यंत आला होता, हे तुम्ही पाह्यलं कधी?"

जागेश्वर पायरीवर बसला.

"सगळे एकच विचारत होते, धान कोणी नेला," मेघा म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलं, मी नाही नेला. करगा कोणी उपटला, असं एकानेही विचारलं नाही."

"वहिनी," तो म्हणाला. "वहिनी, तो दादाचा होता? म्या म्हनलं, तुमाले बाया भेटून नाही राहिल्या. केशरच्या दुखण्यात तुमी येवढं केलं. म्या तांबडं फुटताच, दिवस उगवाच्या आंधी जाऊन निंदून आलो. दुसरं मले काय करता येते? म्या दादाले खांदा नाही देल्ला, अन् आता दादाचा धानबी म्याच..."

एवढा मोठा माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला.

सुलोचनाबाई उंबऱ्यातून उठल्या. मला वाटलं, आता या बोलणार, आणि बोलायचा त्यांना हक्कही होता. त्या पायरीपर्यंत आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "उपटून कोठी टाकला, भाऊजी?"

"बोडीत," तो म्हणाला. "काठच्या चिखलात. धुऱ्यावर ढीग ठेवला असता तं तुमाले समजलं असतं, कोनीतरी येऊन गेलं म्हणून."

सुलोचनाबाईंनी पदर खोचला आणि त्या चालू लागल्या. चालू कसल्या, पळू लागल्या. त्या वयात त्या बोडीच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उंच बांधावर, कशा चढल्या ते त्यांनाच माहीत. आम्ही सगळे मागे.

६

बोडीच्या काठाला हिरव्या काड्यांचा मोठा ढीग पडला होता. वरचा थर उन्हाने पिवळा पडलेला, मधला सडलेला, वास मारणारा. धर्मेंद्रने हाताने ढीग उलटापालटा केला आणि मान हलवली. खुशबूने डोळे मिटले.

"इकडे पाहा," मी ओरडलो. पितळवाल्याच्या नजरेचाही कधी उपयोग होतो.

ढिगाच्या पाण्याकडच्या कडेला, जिथे मुळं चिखलात रुतली होती, तिथे काही झुपके ताठ उभे होते. पानं टवटवीत, मधून नवा कोंबही फुटलेला. विचार केला तर त्यात नवल काही नाही. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करताना आपण करतो काय? रोपं मुळासकट उपटतो आणि चिखलात खोचतो. जागेश्वरने ज्याची निंदण केली, बोडीच्या चिखलाने त्याचा रोवणा करून ठेवला होता. चिखलाला कुणी सांगितलं नव्हतं की हा टाकाऊ माल आहे.

"पन यातला करगा कोनता अन् दुधसाळ कोनती?" धर्मेंद्र हताश होऊन म्हणाला. "दोन्ही सारखेच दिसतात."

"निसवल्यावर कळंन," खुशबू म्हणाली, "पन तोपर्यंत..."

सुलोचनाबाई पोटरीएवढ्या चिखलात उतरल्या होत्या. त्यांनी पहिल्या झुपक्याचं एक पान तोडलं, तळहातावर चुरलं, नाकाशी नेलं. टाकून दिलं. दुसरं पान. टाकून दिलं. तिसरं चुरलं आणि त्या हलल्याच नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते.

मग त्या वळल्या आणि तो चिखलाचा हात त्यांनी जागेश्वरपुढे धरला.

"घ्या, भाऊजी. वास घ्या."

त्याने वाकून वास घेतला. भांडण झाल्यापासून दुधसाळीचा भात त्याच्या पोटात गेला नव्हता. "दादा," तो म्हणाला, "हे तं दादाचे हात."

सुलोचनाबाईंच्या डोळ्यांतून तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं. पण थांबल्या नाहीत त्या. पानामागून पान चुरत गेल्या, आणि वासाचा झुपका सापडला की जागेश्वरच्या हातात देत गेल्या. तोही एकेक झुपका तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांत घेत होता. धर्मेंद्रने धोतर नेसल्यासारखी पँट वर खोचली आणि चिखलात उतरला. जे वाचले ते एका टोपल्यात मावले, पण टोपलं भरलं.

"माह्या बांधीत लावा," जागेश्वर म्हणाला. "पाळीले लागून आहे. करगा नाही, पानी आहे. म्या तिथी राखत बसतो, झोपणार नाही."

"झोपा रोज," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पन विचारल्याबिगर निंदू नका."

मोडलेल्या हाडाच्या केशरबाई पाळीवर काठी टेकून पोचल्या होत्या, त्या खळखळून हसल्या आणि मग सगळेच हसले. खुशबू मात्र अजून काठावर बाजूला उभी होती. सुलोचनाबाई तिच्याजवळ गेल्या आणि चिखलाने भरलेल्या हातांनीच तिचा चेहरा धरला.

"पोरी, म्या तुले चोर म्हनलं नाही. पन चोर नाहीस असंबी म्हनलं नाही. ते म्हनाले पायजे होतं. माह्या मनात पाप आलं, मले माफ कर."

"आजी, असं नका ना बोलू," खुशबू म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. धर्मेंद्र पुढे येऊन काहीतरी पुटपुटला. माफीच असावी. तापट माणसांची माफी ऐकू येत नाही, पण त्याने टोपलं तिच्या डोक्यावर उचलून दिलं, आणि सगळ्यांच्या पुढे तिलाच चालायला लावलं.

७

दिवाळी झाल्यावर आम्हाला जेवणाचं बोलावणं आलं. पोचलो तर मधली भिंत गुडघ्याएवढी उरली होती. केशरबाईंना ओलांडायला सोपं जावं म्हणून तेवढी काढली, असं जागेश्वरने सांगितलं. बाकीची का ठेवली म्हटलं तर म्हणाला, "बसाले बरी आहे."

दुधसाळ निसवली होती, पिकली होती, कापली होती. सुलोचनाबाईंनी मडकं उघडून दाखवलं. ओंजळभर लावलं होतं, आता मडकं गळ्यापर्यंत भरलेलं. खुशबूला त्याच्या नोंदीसाठी विचारायचं होतं की हा वाण सांभाळला कोणी म्हणून सांगू.

"वासुदेव अन् जागेश्वर," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"वहिनी!" जागेश्वर दचकला. "म्या तं उपटला होता."

"उपटला, अन् वाचला तवापासून रोज राखला. म्या पाह्यलं ना. दोघायचं नाव सांग, पोरी."

धर्मेंद्रने मान डोलावली. मेघाने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि मीही पहिल्यांदाच तिला काही टोमणा मारला नाही. या बाईबरोबर माझा संसार झाला याचं मला त्या वेळी फार बरं वाटलं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

पानं वाढली गेली. "यंदा दाणा खाचा नाही," सुलोचनाबाईंनी आधीच बजावलं. "सारं बी ठेवाचं. दाणा पुढच्या साली. भात साधाच आहे, पन आधणात दुधसाळीची पानं टाकली. वास तेवढा घ्या."

झाकण काढलं आणि घरभर तो वास पसरला. मला त्याचं वर्णन करता येणार नाही. तापवलेलं दूध म्हणू की ओला पेंढा म्हणू, काही जुळत नाही. जागेश्वर पहिल्या पंगतीत भिंतीला पाठ लावून बसला होता. केशरबाई म्हणाल्या की वासुदेवराव तिथेच बसायचे. सुलोचनाबाईंनी सगळ्यांत आधी त्याला वाढलं. त्याने भात कालवला, घास घेतला, आणि मग पानातला भात संपला तरी तो तसाच बसून राहिला.

"हात धुवा ना, भाऊजी," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"राहू दे," जागेश्वर म्हणाला.

सुलोचनाबाई हातातला पाण्याचा तांब्या तसाच धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मग तो तांब्या त्यांनी बाजूला ठेवला आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला.